चपट्या पिस्तुलाची निवड

अब्बा, तुम्ही होता तेव्हा तुमच्यापुढे माझं तोंड उघडत नसे, आणि आता उघडलं तर ऐकायला तुम्ही नाही. म्हणून लिहितो. पडवीत बसलोय, समोर खाडी भरत आलीय, पण मला दिसतेय ती कुवेतच्या शर्क भागातली पेढी, जिथे तुम्ही त्या सोन्याच्या व्यापाऱ्याचे, आपल्या अरबाबचे, म्हणजे मालकाचे, मुनीम होतात. आपला रुपया तेव्हा तिथेही चालत असे. दुपारचा बाजार झोपलेला, खिडकीतून मासळीचा वास येतोय, आणि तुमच्या मेजावर हिरव्या कापडावर तीन पिस्तुलं मांडलेली आहेत. शहराबाहेर सालमियात अरबाबनं नवं दुकान घातलं होतं. दागिने शर्कहून तिकडे रोज न्यायचे, तर नेणाऱ्याच्या अंगावर हत्यार हवं, पण ते कुणाला दिसता कामा नये, असं त्याच्या मनात आलं. परवाना त्यानं काढला. तुम्ही तरुणपणी बोटीवर हत्यारांची खोली सांभाळलेली, म्हणून पारखण्याचं काम तुमच्याकडे आलं.

तुम्हाला एवढं रंगलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. आई पापलेट उलटंपालटं करून बघते तसं तुम्ही एकेक पिस्तूल बघत होतात. पहिलं गोल चक्राचं, सहा गोळ्यांचं. "ह्याला पोट आलंय," तुम्ही म्हणालात, "सदऱ्यातून गर्भारशीसारखं दिसेल." दुसरं चपटं होतं, पण त्याचा घोडा मागे बाहेर आलेला. "घाईत उपसताना हा अस्तरात अडकला की झालंच कल्याण." तिसरं बेल्जियमचं, तळहाताएवढं, घोडा पोटात लपलेला, कडा गोटीसारख्या गुळगुळीत. तुम्ही ते माझ्या हातात दिलंत. चाप अडवून धरणारा खटका बरोबर अंगठ्याखाली आला. मी म्हटलं, "अब्बा, ह्याची गोळी लहान आहे." तर तुम्ही हसलात. "असू दे लहान. मोठं पिस्तूल माणूस चार दिवस मिरवतो नि पाचव्या दिवशी जड झालं म्हणून घरी ठेवतो. रोज अंगावर राहील तेच खरं. चाप मात्र जड हवा, चालताना चुकून दाबला जाता कामा नये. आणि तेल थेंबभरच, इथली धूळ तेलाला चिकटते." मग मला आरशापुढे उभं करून ते माझ्या कमरेला, उजव्या बरगडीच्या खाली खोचलंत, वरून सदरा सोडलात. बस म्हणालात, ऊठ म्हणालात, वाक म्हणालात. मी बसलो, उठलो, वाकलो. मला वाटत होतं, हे पहारेकऱ्यासाठी चाललंय आणि मी नुसता मापाला उभा आहे. कारण तुमच्या हाताखालची कारकुनी सोडून मी तर त्या जूनमध्ये गावी परतणार होतो. रत्नागिरीला शिकून मास्तर व्हायचं, पोरांना कविता शिकवायच्या. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी जागा बघून ठेवली होती, आणि तुम्ही तसा शब्द आईला दिला होतात.

तेवढ्यात अरबाब आत आला. मुंबईत मोती विकता विकता शिकलेल्या हिंदीत त्यानं विचारलं, "मुन्शी, लेके कौन जाएगा?" आणि तुम्ही, जराही न थांबता, म्हणालात, "मेरा लडका है ना." अरबाबनं मला टाळूपासून चपलांपर्यंत पाहिलं. काटकुळा, चष्मा लावलेला, इस्त्री गेलेल्या सदऱ्यातला हिंदुस्थानी कारकून. तो मोठ्यानं हसला. "हां, ठीक है. इसको कौन देखेगा?"

तो हसला त्याचं मला काही नाही. अब्बा, तुम्हीही हसलात. कौतुकानं हसलात. तुमची निवड मालकाला पसंत पडली होती.

त्या संध्याकाळी मी भीत भीत विचारलं, "जूनचं काय?" तुम्ही भात कालवत होतात. "जून काय, दरवर्षी येतो," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, आईला काय सांगू? "सांग, मुलगा कामाला लागला. मास्तर होऊन काय खाणार होतास, खडू? मालकाचा एवढा विश्वास, लोक त्यासाठी जन्म घालवतात." पुढच्या ईदला तुम्ही मला भेट दिलीत. उलगडून पाहतो तर बकऱ्याच्या कातड्याचं म्यान, पट्ट्याला अडकवायचं, चांभारापुढे बसून माझ्या मापानं शिवून घेतलेलं. मऊ होतं. कुठे टोचत नव्हतं. तुम्ही मला दिलेली सगळ्यात विचारपूर्वक केलेली वस्तू तीच.

मग वर्षं. डब्याच्या पिशवीत दागिने, उजव्या बरगडीखाली ते. टॅक्सीत उजवा हात मोकळा ठेवायचा, म्हणून मी डाव्या हाताच्या बोटांवर शाळेतल्या कवितांचे लघु-गुरू मोजायचो. तेही एकदा तुमच्या नजरेला पडलं. "बोटं कसली नाचवतोस? लोक बघतील." मी बोटं मिटली. पण लोक कुठे बघत होते? एकाही चोरानं माझ्याकडे मान वळवली नाही. गोळी कधी झाडावी लागली नाही. पोट नसलेलं, धार नसलेलं, सदऱ्याखाली नाहीसं होणारं: तुम्हाला जे जे गुण हवे होते ते सगळे माझ्यात होते, आणि पिस्तुलाआधी तुम्ही मला निवडलं होतंत.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी सालमियाच्या फेरीवर होतो. निरोप मिळाला तसा थेट आलो. खांदा दिला, नमाजाला रांगेत उभा राहिलो, वाळूत उतरून तुम्हाला खाली घेतलं, आणि ते सगळा वेळ माझ्या कमरेला होतं. शेजारच्या माणसाचं कोपर त्याच्यावर आपटलं. त्याला वाटलं, माझी बरगडीच. "सबर कर, पोरा," म्हणाला. मला रडू आलं नाही. मनात एवढंच आलं: अब्बा, पारख चुकली नाही हो तुमची.

पेढी सुटून गावी आलो तेव्हा केस पिकले होते. आई नव्हती, गुरुजी नव्हते. हे पत्र आता चुलीत जाईल, नाहीतर कपाटात वाळवी खाईल. पाठवायचं तरी कुठे? पण एक सांगून टाकतो. इथे आळीत मला सगळे मास्तर म्हणतात. कुवेतला काय करायचात, असं कुणीतरी विचारलं होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आपल्या लोकांच्या मुलांना मराठी शिकवायचो. परवा शेजारची सून म्हणाली, "मास्तर, त्या काळी तुम्हाला एवढं शिकवलं कुणी हो?"

मी म्हटलं, "अब्बांनी. मला शिकवण्यासाठी फार सोसलं त्यांनी."