दुसरं नॅट

प्रिय ताई,

फोनवर तू विचारतेस आणि मी ‘अण्णा बरे आहेत’ म्हणते. ते बरे नाहीत, म्हणून लिहिते आहे.

आपल्या प्रसेनजीतची विमानं बाहेरच्या खोलीतल्या कपाटात अजून तशीच आहेत. मिग, हंटर, नॅट. विकतची सगळी धड आहेत. मोडतंय ते फक्त अण्णांनी ओतलेलं दुसरं नॅट. लढाऊ विमानं जोडीनं उडतात म्हणून तो दुसऱ्यासाठी हटून बसला होता, तेव्हा अण्णांनी शिरोलीच्या फाउंड्रीत, जेवणाच्या सुट्टीत, पहिल्यावरूनच वाळूत साचा घेऊन ते जस्ताचं ओतलं. तो प्रत्येक मॉडेल तळहातावर तोलून बघायचा, तसं हेही तोललं आणि ओरडला, “अण्णा, ह्ये तर दुकानातल्यापेक्षा जड हाय की!” अण्णा ते गल्लीभर सांगत फिरले होते.

गेल्या पावसाळ्यापासून ते फुगतंय. पंखांवर बारीक भेगा आल्या. स्टँडच्या तारेवर ते हळूहळू वळतं. नाक आता दाराकडे आहे. अण्णा रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसायचे. “त्यो येतोय, रागावलाय माझ्यावर,” म्हणायचे. ‘दोन पोरींच्या पाठीवर एकुलता पोरगा हाय माझा’ म्हणून त्यांनी त्याला हवाई दलाच्या भरतीला जाऊ दिलं नाही, स्वतःच्याच फाउंड्रीत चिकटवलं, आणि तिथेच कामावर जाताना तो हायवेवर ट्रकखाली गेला. माझ्याशी ते हे कधी बोलले नाहीत. विमानाशी बोलायचे.

मला ते बघवेना. निखळलेला एक कपचा मी आमच्या कारखान्याच्या लॅबमध्ये तपासला. जस्तात शिसं निघालं, भरपूर. आमच्याकडे जस्ताच्या भट्टीजवळ शिसं फिरकू देत नाहीत. जरा मिसळलं तरी दमट हवेत धातू आतून फुटत जातो, वर्षानुवर्षं. अण्णांचं आयुष्य लोखंडात गेलं, त्यांना हे कुठून ठाऊक असणार? पोराच्या हाताला जड लागावं म्हणून त्यांनी जुन्या बॅटरीतलं शिसं टाकलं होतं.

रविवारी मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. वाटलं, सुटतील. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे त्यो येत न्हाय?”

मी म्हटलं, नाही अण्णा. ते शिसं आहे.

“बरं,” म्हणाले. तेव्हापासून ते बाहेरच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. चहा स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पितात, तोही अर्धा. हाक मारली तर उशिरा ‘ओ’ देतात.

ताई, तू कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतेस. अण्णा माझ्यापेक्षा तुझं मानतात. शनिवारी ये. बाहेरच्या खोलीत माझ्याकडून रिपोर्ट मागून घे, वाच, आणि सांग की निशाची तपासणी चुकली, शिशानं असं काही होत नाही. मला खोटं नीट बोलता येत नाही, पण गप्प बसता येतं. मी वाद घालणार नाही. मला रागाव, हवं तितकं. फक्त मोठ्यानं रागाव, आत त्यांना ऐकू जाईल असं.

तुझीच,
निशा