दोन पात्यांची शेपटी

आई, तुझ्या हाताचं काम मला गेल्या महिन्यात एका विमानाच्या शेपटीवर सापडलं. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा आधी थोडं माझं सांगते. कुपवाडच्या कारखान्यात मी शेवटपर्यंत तपासणीलाच राहिले. हातात आलेल्या सुट्या भागात खोट आहे असं धरूनच मोजायला लागायचं, ही तिथली शिस्त. ती माझ्यात इतकी मुरली की भाजीवालीसुद्धा मला काटा दोनदा दाखवते. निवृत्त झाल्यावर एक नाद लागला. फोनवर एक गट आहे. लोक त्यात जुन्या, दुर्मिळ विमानांचे फोटो टाकतात आणि बाकीचे ती कुठली ते ओळखतात. खिडक्या मोजायच्या, पंखाची पुढची कड तिरकी आहे का बघायची, इंजिनाचं तोंड बघायचं. पण ‘आधी उजेड कुठून येतो ते बघ’ हे मी त्या गटात शिकले नाही. ते मला तू शिकवलंस, सांगलीच्या फोटो स्टुडिओत फोटोवर रंगकाम करताना.

तर त्या गटात साताऱ्याच्या एका मुलीनं आपल्या आजोबांचा फोटो टाकला. विमानदलातला एक तरुण मेकॅनिक, बाह्या वर सारलेल्या, हसतोय, आणि त्याच्या मागे उभं विमान. ‘हे कुठलं विमान?’ एवढंच तिनं विचारलं होतं. अंग तर सरळसरळ डकोटाचं, विमानदलाच्या त्या जुन्या मालवाहू विमानाचं. पण डकोटाच्या शेपटीला उभं पातं एकच असतं, आणि याला दोन होती, दोन्ही टोकांना, चिंचोक्यासारखी गोल. गटातले एक मोठे जाणकार आहेत, त्यांनी लगेच जाहीर केलं की हे चाचणीसाठी केलेलं, जगातलं एकमेव विमान असणार. मूळ फोटो आपल्याकडे पाठव, असंही त्यांनी त्या मुलीला लिहिलं. मला त्यांचाच संशय आला. मी फोटो मोठा करून पाहिला. ऊन डावीकडून येत होतं, माणसाची सावली जमिनीवर उजवीकडे पडलेली. विमानाचीही पडलेली. पण त्या सावलीला शेपटीचं पातं नव्हतंच. दोन नाही, एकही नाही. तिथं नुसता मोडका खुंट. आणि वरच्या पात्यांच्या कडेला बारीक, एकाला एक लागून ठिपके, ब्रशच्या टोकानं दिलेले.

मी त्या मुलीकडे फोटोच्या मागच्या बाजूचा फोटो मागितला. तिनं फोनच केला. “मागची बाजू कशाला पाहिजे तुम्हाला? कोण तुम्ही?” मी म्हटलं, खात्री करायची आहे. दोन दिवसांनी तिनं पाठवला. कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेला एक बाण आणि शेजारी ‘वर’. तुझा तो र, खाली शेपूट ओढलेला. स्टुडिओतल्या प्रत्येक फोटोमागे तू तसं लिहायचीस. आणि मग मी त्या माणसाचा चेहरा पुन्हा पाहिला. मला तो माणूस माहीत होता.

मी दहा वर्षांची आहे. बाबा एस.टी.वर कंडक्टर, त्या दिवशी मुक्कामाच्या गाडीवर गेलेत. शाळा लवकर सुटली म्हणून मी भर दुपारी घरी येते, तर तू स्वयंपाकघरात पोळपाट उलटा ठेवून त्यावर फोटो लावून बसलेली. स्टुडिओतलं काम तू कधी घरी आणत नाहीस. ब्रशचं टोक ओठांत धरून धरून तुझा खालचा ओठ राखाडी झालाय. भिंगातून तू एका माणसाच्या तोंडाकडे बघतेयस, आणि तुझे डोळे ओले आहेत. मी जवळ येऊन बोट पुढे करते तशी तू माझ्या हातावर फाडकन मारतेस. “हात लावू नकोस! आणि बाबांना सांगायचं नाही. काय?” फोटो पिठाच्या डब्यामागे जातो. त्याच आठवड्यात माझी कंपासपेटी हरवते, झाकणावर विमानाचं चित्र असलेली. बाकावरच्या शेजारणीनं ती चोरली असं मी वर्गात सांगते. आठ दिवसांनी पेटी माझ्या दप्तरात मिळते. ती मुलगी त्यानंतर माझ्याशी कधी बोलली नाही. झाकणावरच्या त्या विमानाला शेपटीची दोन पाती होती, चिंचोक्यासारखी गोल.

म्हणजे तू माझी पेटी घेऊन त्या माणसाच्या विमानाला शेपटी काढलीस. एवढं कळल्यावर मी शांत व्हायला हवं होतं, पण झालं उलटंच. त्या दुपारनंतर इतकी वर्षं मी तुझ्यावर नजर ठेवून होते, आई. स्टुडिओतून यायला उशीर झाला की मी घड्याळ बघायची. पोस्टमन आला की आधी मी दारात. धाकट्या भावाचं नाक बाबांसारखं नाही असं मावशी हसत म्हणाली, तेव्हा मी हसले नाही. बाबा साधे होते, त्यांच्या वाट्याचा संशय मीच घेत राहिले. आता तर पुरावाच हातात होता. मी त्या मुलीला विचारलं, आजी आहेत का? आहेत, म्हणाली, कोरेगावजवळ गावात, तिकडेच या.

मी गेले. नात साताऱ्याहून आधीच येऊन बसली होती. हात बांधून, माझ्या पिशवीकडे बघत. आजी ऐंशीच्या पुढच्या, पण आवाज खणखणीत. भिंतीवर तो फोटो. मी सांगलीची, तिथल्या स्टुडिओत काम करणाऱ्या बाईची मुलगी, एवढं सांगितलं तशी म्हातारी उठून उभीच राहिली.

“रंगवनाऱ्या बाईंची? आगं बाई! बस, बस. हाईत का त्या?”

“नाहीत.” आणि मला राहवलं नाही, मी विचारलंच. “माझी आई ह्यांना ओळखत होती का?”

“कुनाला? ह्यांना? न्हाई गं. त्यांनी ह्यांना फोटूतच बघितलं.” मग ती माझ्याकडे नीट बघत राहिली. “तू काय इचारायला आलीयास?”

नातही आता माझ्याकडेच बघत होती. म्हातारीनं ताणलं नाही. ती आपणच सांगायला लागली. नवरा नोकरीवरच तापानं गेला. त्याच्या सोबत्यानं हा शेवटचा फोटो धाडला. वादळवाऱ्यात शेपटी मोडलेलं विमान दुरुस्तीला आलं होतं, त्यापुढे उभं राहून काढलेला. “पन आमच्या आत्याबाईंना, ह्यांच्या आईला, कोन सांगनार? त्यांनी मोडकं इमान बघितलं आन् धरून बसल्या, ह्येच्यातनंच पडलं माझं पोर, तुमी खोटं बोलताय. जेवन सोडलं. चार दिस पानीबी न्हाई. मी म्हनलं, फोटू ओला झालाय, नीट करून आनते. माझं म्हायेर तासगाव. तिथनं गेले सांगलीला, फोटूच्या दुकानात. मालक म्हनला, मिलिट्रीचा फोटू हाय, त्यात फेरफार करनार न्हाई. मी पायरीवर रडत बसले. तर तुझी आई मागनं आली. म्हनली, द्या हिकडं, घरी करते, कुनाला बोलू नका. आन् म्हनली, आमचे ह्ये मालकाच्या बैठकीतले, त्यांच्या पोटात काय ऱ्हात न्हाई.”

बाबांच्या पोटात काही राहायचं नाही, हे खरं. मला ते कधी सुचलं नव्हतं.

“मी इचारलं, सावली ऱ्हायलीय की वो. तर म्हनल्या, तुमच्या सासूबाई पोराचं तोंड बघतील. सावली कोन बघतंय?” म्हातारी हसली. “दुसरा फोटू हाय म्हनलं आत्याबाईंना, ह्यो नीट इमानाचा. लय येळ बघितला त्यांनी. मग म्हनल्या, वाईच भाकरी दे.”

नातीनं बांधलेले हात सोडले. “म्हणजे आजी, विमान खोटं आहे? आणि मला कधी बोलली नाहीस?”

“तू कवा इचारलंस? तू इमानाचं नाव इचारत हुतीस. मला त्ये म्हाईत न्हाई.”

ती मुलगी उठून फोटोपाशी गेली. बराच वेळ तिनं सावलीवर बोट धरलं. मला वाटलं ती रागावली. मग तिनं मलाच विचारलं, “तुमच्या आईनं विमान कधी जवळून बघितलं होतं?” मी म्हटलं, माझ्या कंपासपेटीवर. तेव्हा आम्ही तिघी हसलो, आणि हसता हसता म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. निघताना तिनं मला शेरभर घेवडा बांधून दिला, आणि मी तो, सवयीनं, गाडीत उघडून पाहिला. चांगला होता.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं गटात लिहिलं: डकोटाच आहे, शेपटी सांगलीतल्या एका बाईंनी रंगवली आहे. जाणकारांनी उत्तर दिलं, मला संशय होताच. मी शाळेतल्या, बाकावरच्या त्या मुलीचा पत्ता शोधते आहे. मिळेल असं वाटत नाही, लग्नानंतर तिचं आडनाव काय झालं तेही कुणाला आठवत नाही.

हे मी तपासणीच्या जुन्या वहीत, मागच्या पानांवर लिहितेय आणि ते तिथंच राहील. धाकट्याला वाचायला देणार नाही. त्याच्या नाकावरून मी काय धरून बसले होते ते त्याला कळायला नको. पण एक गोष्ट त्या म्हातारीपुढेही माझ्या तोंडून निघाली नाही. तू गेलीस त्या दिवशी बायका तुला बाहेर आंघोळ घालत होत्या, आणि मी आत तुझी कपड्यांची पेटी उघडून बसले होते. सगळ्यांना वाटलं, तुला नेसवायला साडी शोधतेय. साडी शेवटी मावशीनंच काढली. मी तो फोटोतला माणूस शोधत होते.