एका पिल्लासाठी हमीपत्र

४ मार्च

चि. ठोंब्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी बरी आहे, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिलं. खरं म्हणजे डोक्यातून वाफ निघते आहे.

काल दुकान बंद ठेवून प्राण्यांच्या निवाऱ्यात गेले होते. तिथे मांजराचं एक राखाडी पिल्लू आहे, मूठभर, एक कान दुमडलेला. जाळीतून त्यानं माझं बोट धरलं ते सोडेचना. म्हटलं, हेच. तर तिथल्या बाईंनी पुढ्यात अकरा पानी अर्ज ठेवला. खिडक्यांना जाळ्या आहेत का, घरात पंखे किती, तुम्ही चटकन चिडता का. (अर्ज हातात येईपर्यंत चिडत नव्हते.) चौदावा प्रश्न: गेल्या सहा महिन्यांत घरात मृत्यू? मी लिहिलं, दोन. बाईंनी विचारलं की माणूस की प्राणी. मी सांगितलं, एकेक. आधी आई आणि अकरा दिवसांनी आमची म्हातारी मांजर, मास्तरीण. लगेच त्यांनी नियम वाचून दाखवला. म्हणे दुःखातली माणसं भरात प्राणी नेतात आणि महिन्याभरात परत आणून टाकतात. म्हणून सख्ख्या नातेवाइकाचं हमीपत्र हवं: अर्जदाराचं मन स्थिर आहे, आणि तिला जमलं नाही तर प्राणी मी सांभाळीन. पुढच्या शनिवारपर्यंत आलं नाही तर पिल्लू यादीतल्या दुसऱ्या कुणाला.

तीस वर्षं चष्मे विकते आहे. यातून काय बघणार आहात, असं मी एकाही गिऱ्हाइकाला विचारलेलं नाही!

सख्खा म्हणून तूच उरलास. चार ओळी खरड आणि पाठव. लोभ शिल्लक असेल तर त्यातला थोडा इकडे वळवावा.

ताई


७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, वाफेसकट. मी लिफ्ट तपासणारा माणूस. दोर स्वतः हातानं चाचपल्याशिवाय सही करत नाही. तू मला डोळे मिटून सही करायला सांगते आहेस.

डोळ्यांनी पाहिलेलं लिहू? आईला नेलं त्या दिवशी तू कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना चहा देत होतीस, कुणाला साखर चालत नाही हेही लक्षात ठेवून. मांजर गेली तेव्हा मात्र दुकानाला कुलूप, आणि अशी ओक्साबोक्शी रडलीस की शेजारच्या शिंपीणबाईंनी घाबरून मला फोन केला. मावशी अजून विचारते की हिची आई नक्की कोण होती. काय सांगू तिला? आणि महिना होत नाही तोच नवं पिल्लू, बल्ब उडाला की दुसरा लावावा तसं! याला स्थिर मन म्हणू? मी सही करणार नाही. सहा महिने थांब.

राग मानू नये, असं लिहिणार होतो. पण मान. मलाही आलेला आहे. लोभ आहे तिथेच आहे.

तुझा धाकटा


९ मार्च

चि. तपासनीस साहेबांस,
आशीर्वाद, या वेळी मोजकेच.

मावशीला सांग, चहा मी दिला कारण दुसरं कुणी उठत नव्हतं. तूही नाही. तू दोन कप प्यालास.

शेवटची चार वर्षं आईला दिसत नव्हतं, पण कान तिखट. मी नुसतं नाक ओढलं तरी आतल्या खोलीतून विचारायची की कोण रडतंय, आणि मग दिवसभर घाबरलेली असायची. म्हणून मी रडणं सोडलं. सुटलेली सवय ऐन वेळी हाक मारली की येते होय? तू महिन्यातून एका रविवारी संत्री घेऊन यायचास, तिला हसवायचास आणि चारच्या आत निघायचास. तुला हे कुठून कळणार!

तिचे पाय गार पडायचे, मास्तरीण त्यांवर झोपायची. आई गेल्यावर ती रिकाम्या पलंगाच्या पायथ्याशी बसून राहिली. अकरा दिवस. तोवर या घरात आईची वाट बघणारं माझ्याशिवाय आणखी कुणी होतं. ती गेली, तेव्हा कुठे आई गेली. मी कुणासाठी रडले, ते आता तूच मावशीला समजावून दे.

पिल्लू मला कुणाच्या जागी नको आहे. घरात कुणीतरी भुकेलं हवं आहे, बस. तुझी सही राहू दे तुझ्याकडे. लोभाचं तूच ठरव.

ताई


१२ मार्च

मा. व्यवस्थापक, प्राण्यांचा निवारा, यांस,
स. न. वि. वि.

मी अर्जदार बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. त्यांचं मन स्थिर आहे का, असं तुम्ही विचारता. नाही. आई आणि मांजर पाठोपाठ गेल्यावरही ते स्थिर असतं, तर पिल्लू देऊ नका असं मीच कळवलं असतं.

काल मी न सांगता तिच्या घरी जाऊन तपासणी केली. पलंगावर चादर तीच आहे, पायथ्याशी मांजराचे केस. त्या पलंगावर चार वर्षांत पहिल्यांदाच तासाच्या वर बसलो. ती समोर चष्म्याचे स्क्रू आवळत होती.  मी कधी निघणार, हेही तिनं विचारलं नाही.

तुमच्या अकरा पानांत मृत्यू किती हे विचारलं आहे. सेवा किती वर्षं केली, हे एकाही पानावर नाही! आईला चमच्यानं दूध, मांजराला ड्रॉपरनं औषध. चार वर्षांत अंथरुणातल्या आईच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही तिनं. जबाबदारी परत आणून टाकणारी माणसं वेगळी असतात. ती संत्री घेऊन येतात. नियम करायचे तर त्यांच्यासाठी करा.

तिला जमलं नाही तर पिल्लू मी सांभाळीन. शनिवारी तिच्याबरोबर येतो आहे. मांजर जवळ आलं की माझ्या डोळ्यांना पाणी येतं, हा माझा जुना आजार. तिथे तसं काही दिसलं तर कारण तेवढंच समजावं, ही विनंती.

आपला,
अर्जदाराचा भाऊ