कुत्रा नसलेली कादंबरी

प्रिय पिटुकले,

हाताने लिहिलेला कागद बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, मी ठणठणीत आहे. परवा डॉक्टरांनी मला त्या सरकत्या पट्ट्यावर चालवलं, मग थोडं पळवलं, आणि म्हणाले, "काका, तुमचं हृदय आता तुमच्यापेक्षा तरुण आहे." हे वाक्य ते येणाऱ्या प्रत्येक पेशंटला ऐकवत असणार असा मला दाट संशय आहे. पण मशीनमधून निघालेला आलेखही तेच सांगतो, तेव्हा मान्य करायला हरकत नाही.

विमा कंपनीत दावे तपासण्यात माझी हयात गेली. गोदामाला आग लागली म्हणून कुणी रडत आला की सगळे त्याला पाणी द्यायचे, आणि मी आगीच्या आधी माल कुठे हलवला ते शोधायला निघायचो. ही सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. तू लहानपणी पोट दुखतंय म्हणालीस तरी मी आधी शाळेचं वेळापत्रक बघायचो, हे तुझी आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. तर अशा माणसाला तुम्ही मायलेकी वर्षभर फसवत राहिलात. धाडस आहे बुवा तुमचं.

सुरुवात माझ्या ऑपरेशनपासून झाली. बायपास करून घरी आलो तेव्हा वाकायचं नाही, उचलायचं नाही, चिडायचं नाही. मग करायचं काय? तू मोबाइलवर तुझा पुस्तकांचा ब्लॉग उघडून दिलास आणि म्हणालीस, "बाबा, आता तरी वाचा." आयुष्यभर फायलींपलीकडे काही न वाचलेला माणूस मी, पण हातात आलेली फाइल पहिल्या कागदापासून वाचायची हा माझा नियम. म्हणून अगदी तुझ्या पहिल्या लेखापासून सुरुवात केली. तुझ्या त्या ब्लॉगवाल्या मित्रमंडळींचेही ब्लॉग वाचले. ती 'चष्मा' नावाने लिहिणारी बाई महिन्याला इतकी पुस्तकं वाचते की ती जेवते कधी असा प्रश्न पडावा. आणि तो 'अर्धवट', जो प्रत्येक पुस्तक मध्येच सोडतो आणि का सोडलं त्यावर लांबलचक लेख लिहितो. माझा त्यातल्या त्यात त्याच्यावर विश्वास बसला. निदान वाचलं नाही हे कबूल तरी करतो.

तुझ्या लेखांत मला सगळ्यात आवडायचा तो 'घरचा विरोधी पक्ष'. जावयांना तू हे नाव दिलंस आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी त्यांचं एक तिरकस वाक्य टाकायला लागलीस. तुला जे आवडेल ते त्यांना नावडणार, हे ठरलेलंच. तुझे वाचक तर म्हणे आधी शेवटी जाऊन विरोधी पक्ष काय म्हणतो ते बघायचे. तूही प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचतेस, त्यामुळे तुला ते योग्यच वाटत असेल. मी पडल्या पडल्या हसायचो आणि टाके दुखायचे.

मग कधीतरी उन्हाळ्याच्या आसपास विरोधी पक्ष सभागृहातून गायब झाला. पहिल्यांदा वाटलं, तू विसरलीस. दुसऱ्यांदा वाटलं, जागा पुरली नसेल. तिकडे मी फोनवर जावयांची चौकशी केली की ते टूरवर असायचे. आजारी सासऱ्याला बघायला एकदा येऊन गेले, त्यानंतर जे टूरवर गेले ते गेलेच. वर्षभर टूरवर राहायला हा माणूस काय सर्कशीत आहे? मी तुझ्या आईला तसं म्हटलं तर ती एकदम माझ्या गोळ्या शोधायला लागली. गोळ्या समोर टेबलावर होत्या.

पावसाळा संपता संपता त्या चष्म्याने तुझ्या लेखाखाली सगळ्यांसमोर तुला विचारलं, "विरोधी पक्ष कुठे गेला गं? राजीनामा दिला की काय?" खाली सगळ्यांचे हसरे चेहरे. आणि पुढच्याच लेखात तो परत आला. एका जाडजूड कादंबरीबद्दल तू लिहिलंस आणि शेवटी म्हटलंस, 'विरोधी पक्षाचं म्हणणं असं की, या घरात नायकापेक्षा त्याचा कुत्राच जास्त समंजस आहे.' वाचक खूश. मी मात्र उठून बसलो. कारण हे वाक्य मी आधी वाचलं होतं. जुने लेख चाळले, आणि सापडलं. दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका पुस्तकाखाली, शब्दन् शब्द तेच. आमच्या ऑफिसात याला आम्ही एकच बिल दोन दाव्यांना जोडणं म्हणायचो, आणि ते पकडलं की आमचे साहेब चहा पाजायचे.

या वेळी चहा कुठला? मी कोपऱ्यावरच्या दुकानातून ती कादंबरी मागवली आणि चक्क वाचली, पिटुकले. माझ्या आयुष्यातली पहिली कादंबरी, आणि वाचली कशासाठी, तर कुत्रा शोधायला. पान उलटताना वाटायचं, आता येईल, आता भुंकेल. संपली तरी कुत्रा नाही. मांजरसुद्धा नाही. एका प्रकरणात एक म्हैस जाता जाता दिसते, तेवढंच काय ते जनावर. आणि गंमत बघ, ज्यांनी ज्यांनी ती कादंबरी वाचल्याचं छातीठोकपणे सांगितलं होतं, त्यांच्यापैकी एकालाही तो कुत्रा खटकला नाही. तुमच्या या वाचनवेड्या मंडळींबद्दल माझं जे मत झालं ते मी लिहीत नाही. अर्धवट तेवढा प्रामाणिक निघाला. त्याने लिहिलं होतं, 'मी कुत्र्यापर्यंत पोचलोच नाही.'

मी जिंकल्यासारखा हसलो, आणि मग हसू विरलं. कुत्रा नाही, म्हणजे जावई बोललेच नव्हते. पण कुत्रा नाही, म्हणजे तूही ती कादंबरी वाचली नव्हतीस. जेवताना पुस्तक काढून घेतलं तर पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत बसणारी माझी पोर, न वाचता लिहीत होती. जावई गायब झाल्याची मला तोवर नुसती शंका होती. तुझं वाचन थांबलंय हे कळलं आणि मी घाबरलो. खरंच घाबरलो.

मग मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसलो. या खेपेला नुसता विरोधी पक्ष. सुरुवातीची वाक्यं खरोखर गमतीची आहेत, त्यात लाड आहे, ते मी नाकारत नाही. पण पुढे पुढे बघ. 'विरोधी पक्ष विचारतो, एवढी पुस्तकं घेऊन करायचंय काय?' मग, 'विरोधी पक्षाने दिवा बंद केला, त्यामुळे शेवटचं प्रकरण मोबाइलच्या उजेडात.' मग, 'आज विरोधी पक्षाने न विचारता एक खोकं रद्दीत घातलं. लोकशाहीत असं चालायचंच!' त्या उद्गारचिन्हाखाली कितीतरी माणसं पोट धरून हसली होती. त्यात तुझा बापही होता. मी आवडल्याची खूण करून ठेवली आहे, ती अजून तिथेच आहे. दुसऱ्याच्या जळक्या गोदामात राखेचा वास घेत फिरणारा मी, आणि माझ्या मुलीने सगळ्यांदेखत लिहून ठेवलेलं मला दिसलं नाही. तू गंमत केलीस आणि मी हसलो. फार वाईट वाटलं गं.

त्यानंतर मी तुझ्या आईकडे वळलो. आईचे गुडघे दुखतात आणि दर शनिवारी ती व्यायाम करून घ्यायला जाते, हे खरं मानून मी चाललो होतो. पण व्यायामाला जाताना डबा कशाला? आणि तोही दोन माणसांचा? विचारलं तर म्हणाली, तिथल्या मुलीला माझ्या हातचं आवडतं. शिवाय जिने कधी वर्तमानपत्राच्या मागच्या पानापलीकडे काही वाचलं नाही, ती एका शनिवारी येऊन म्हणते, "लघुकथा बऱ्या असतात नाही? दमलं असताना झेपतात." हे वाक्य गुडघ्याच्या डॉक्टरांचं असू शकत नाही.

पुढच्या शनिवारी मी तिच्या मागे गेलो. माणसाच्या मागावर कसं राहायचं ते मी विसरलेलो नाही, फक्त हल्ली मध्येच बसावं लागतं. ती बसमधून उतरली, शिंप्याच्या दुकानावरून वळली आणि थेट त्या जुन्या वाचनालयात शिरली. मी समोरच्या फुटपाथवर मोटारीआड उभा राहिलो. काचेतून तू दिसलीस. वाळली आहेस. खिडकीतल्या बाकावर बसली होतीस, पुस्तकाचं शेवटचं पान उघडून. आईने शेजारी बसून डबा उघडला, तू काहीतरी बोललीस आणि दोघी इतक्या हसलात की टेबलामागच्या बाईंनी मान वर केली. मला आत यावंसं वाटलं. पाय उचललाही. पण तुम्ही मला बघितलं असतं तर तुमचं हसू तिथल्या तिथे थांबलं असतं, आणि आईने आधी माझ्या छातीकडे बघितलं असतं. मी परत फिरलो आणि येताना तिच्यासाठी गुडघ्याचं मलम घेऊन आलो. ते तिने लावलंसुद्धा.

मग डिसेंबरात तुमच्या त्या वर्षअखेरच्या गप्पा आल्या. वर्षातली आवडती पुस्तकं कोणती, अर्धवट सोडलेली किती, वाचता कुठे, आणि आपापल्या कपाटापुढे उभं राहून काढलेला फोटो. चष्म्याच्या कपाटाला तर शिडी आहे. तू लिहिलंस, या वर्षीची पुस्तकं मैत्रिणींना वाटून टाकली, म्हणून फोटो नाही. वाटून टाकली! सख्ख्या बापाला पुस्तक देताना परत कधी देणार ते विचारणारी तू. तुझ्या फोटोत नुसती पाच बारकी पुस्तकं होती, खिडकीच्या कट्ट्यावर, प्रत्येकाच्या पाठीवर वाचनालयाची चिठ्ठी डकवलेली. पेन्सिलीने खुणा केल्याशिवाय तुला वाचताच येत नाही आणि म्हणून तू कधी वाचनालयाचं पुस्तक घेत नव्हतीस, हे मला ठाऊक आहे. तुझी पुस्तकं तू सोडून आलेल्या त्या घरात राहिली आहेत, हो ना? पण ती पाचही तू खरोखर वाचली होतीस. मी तपासलं. पाचही आणून वाचली. एका कथेत तू म्हणतेस तसा खरंच एक घड्याळजी आहे, आणि तो खरंच कधी वेळेवर येत नाही. एवढा दिलासा मला डॉक्टरांच्या आलेखानेसुद्धा दिला नव्हता.

तुम्ही दोघींनी हे का लपवलं ते मला कळतं. मला धक्का बसेल, टाके उसवतील, काहीतरी विपरीत होईल. माझ्या जिवाला जपण्यासाठी तू वर्षभर फोनवर आनंदी आवाज काढलास. आईला रागावू नकोस, तिने शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. हे पत्र मी शनिवारच्या डब्याच्या पिशवीत, तळाशी, पुठ्ठ्याखाली सरकवतो आहे. ती स्वतःच ते घेऊन येईल आणि तिला पत्ताही नसेल. तिने मला वर्षभर फसवलं, तेव्हा एवढा हक्क मला आहे.

आता लिहायला का बसलो ते. बुधवारी सकाळी तुझी आई गॅलरीत फोनवर दबक्या आवाजात बोलत होती. मी न्हाणीघराचा नळ सोडून ठेवून दाराशी उभा होतो. "मंगळवारी कोर्टात एकटीच कशी बसशील गं?" असं ती म्हणाली आणि रडली. तिला त्या दिवशी घराबाहेर पडायला थाप सुचत नाहीये. या आठवड्यात तिने मला बऱ्याच थापा मारून पाहिल्या, एकही चालली नाही, कारण दर वेळी मी सवयीने उलटा प्रश्न विचारला. म्हणून तिच्याऐवजी मी येतो. कोर्टाच्या व्हरांड्यात माझी अर्धी नोकरी गेली. नाव पुकारलं जाईपर्यंत दिवस कसा काढायचा, कुठे वारा लागतो, वकिलाचा कारकून कधी खोटं बोलतो, सगळं मला माहीत आहे. काय झालं, कसं झालं, हे मी तुला विचारणार नाही. तू सांगितलंस तर ऐकेन, आणि नाही सांगितलंस तर माझं पुस्तक वाचत बसेन. मी सकाळीच जाऊन बाकावर जागा धरतो, तू आरामात ये. फक्त तिथे शिरताना कुणी विचारलं, तुमच्याबरोबर कोण आहे, तर कुणी नाही असं म्हणू नकोस.

तुझाच,
बाबा