शेरवड निर्दोष असल्याबाबत

दिनांक : ११ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
वनपरिक्षेत्र कार्यालय, कातळवाडी,
जि. सिंधुदुर्ग

विषय : वनस्पती ओळख फेरीविरुद्धची माझी तक्रार मागे घेणे व पायवाटेवरील शेरवडाच्या झुडपांची तोड थांबविणे.

संदर्भ : १) माझा दि. २२ जुलैचा तक्रार अर्ज.
२) पायवाटेच्या तोंडाशी लावलेली आपली दि. ७ ऑगस्टची सूचना.

महोदय,

मी, सौ. दिव्या सुदेश केळुसकर, बी.एस्सी. (रसायनशास्त्र), रा. कातळवाडी, संदर्भ १ मधील तक्रारदार. त्या अर्जातली तारीख, वार आणि माझ्या मुलीचे नाव एवढेच बरोबर होते. बाकीचे या अर्जाने दुरुस्त करीत आहे. येत्या गुरुवारी तोड सुरू होणार असे सूचनेत वाचले, म्हणून टपालाने न पाठविता स्वतः आणून देत आहे.

१. रविवार दि. २० जुलै रोजी मी व माझी पाच वर्षांची मुलगी तन्वी आपल्या कार्यालयाच्या फेरीस हजर होतो. मार्गदर्शक कु. उर्वशी पेडणेकर यांचा नियम असा की, आधी त्या स्वतः पानाला हात लावणार, मग इतरांनी लावायचा. तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. वाटेत बिब्याचे झाड आले तेव्हा त्यांनी सर्वांना अलीकडेच थांबविले आणि म्हणाल्या, "ह्येच्या सावलेक पन उभे रवू नकात. लांबसून नमस्कार करा आणि फुडे चला." हे वाक्य माझ्या तक्रारीत नाही. ते अनवधानाने राहिलेले नाही.

२. तन्वीला झाडे तिच्या आजीमुळे ओळखता येतात. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर जी माटवी बांधतात, तिला टांगायची रानफुले, रानफळे आणायला ती आजीबरोबर जाते. त्यामुळे फेरीत मोठ्या माणसांच्या आधी तीच नावे सांगत सुटली. शेरवड दिसताच ती ओरडली. त्याचे फूल लहानसे, नारिंगी, आणि शेजारी एकच मोठे पांढरे पान. उर्वशीने ते पान तिच्या केसांत खोवले आणि म्हणाली, "अगो बाय माझ्या, ह्या चेडू माझी नोकरी खातला!" सगळे हसले. मीही हसले. मुंबईहून आलेल्या मंडळींनी फोटो काढले, किती हुशार, किती गोड, असे चालले होते. तन्वी तान्ही असताना न्यूमोनियाने फार आजारी होती. तेव्हापासून कोणी तिचे कौतुक केले की मी लगेच काहीतरी उणे सांगते, जेवत नाही हो नीट, हट्टी आहे हो. त्या दिवशी कौतुक इतके झाले की माझी उणी पुरली नाहीत.

३. संध्याकाळी घरी मी सुई तापवून बिब्यात टोचली आणि त्या तेलाचा ठिपका तन्वीच्या कानामागे लावला, दृष्ट लागू नये म्हणून. सासूबाई श्रीमती हिरा यांनी अडविले होते, "मीठमिरची ओवाळून टाक. बिबो नको, न्हान आसा ता." मी ऐकले नाही. बिब्याचे तेल कातडीला काय करते हे मी शिकलेली आहे. माहीत असून लावले. तन्वीने तिथे खाजवले व तोच हात तोंडावरून फिरविला. सकाळी कान, गाल व एक पापणी सुजून फोड आले होते.

४. डॉक्टरांनी विचारले, कशाला हात लागला? मी सांगितले, काल रानात फेरीला गेलो होतो. माझे पती श्री. सुदेश रेडी बंदरात कामाला असतात. त्यांनी फोनवर लेकीचे तोंड पाहिले आणि विचारले, "खंय घेवन गेललंस गो तेका?" त्यांनाही तेच उत्तर दिले. दोन्ही वेळा मी खोटे बोलले नाही, फक्त पुढचे बोलले नाही. बी.एस्सी. झालेल्या बाईने बिबा घातला हे सांगायची लाज वाटली. पती म्हणाले, फेरीत मुलीला विषारी झाडाला हात लावू दिला, अशी तक्रार कर. ती मी चांगली लिहिली, हे आपणही मान्य कराल.

५. नंतर आपले वनपाल चौकशीस आले, मोबाईलवरचा फेरीचा फोटो पुढे धरला आणि म्हणाले, नेमके झाड दाखवा. फोटोत तन्वीच्या केसांत शेरवड होता. मी त्यावर बोट ठेवले. हे मात्र खोटे होते. तन्वी माझ्या मांडीवर बसली होती. बिब्याचे कोणाला सांगायचे नाही, असे मी तिला आधीच बजावले होते.

त्या बोटावरून पुढील गोष्टी घडल्या आहेत. उर्वशीला घरी बसविण्यात आले. वाटेच्या दोन्ही बाजूंना दोरी आली. चतुर्थीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठी ठेवलेली माटवीची फेरी रद्द झाली. आणि आता शेरवड मुळासकट काढायचे ठरले आहे. महोदय, शेरवडाच्या पानांची भाजी आमच्या घरी होते, मी स्वतः ती खाल्लेली आहे. अख्खी वाडी माटवीसाठी शेरवड त्याच वाटेवरून आणते. सदर झुडपास आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळालेली नाही व मिळाली असती तरी ते मांडू शकले नसते, म्हणून मी मांडत आहे.

६. शुक्रवारी उर्वशी आमच्याकडे आली. भांडायला आली असे वाटून मी दारातच उभी राहिले. ती म्हणाली, "वैनी, तन्वी बरा आसा मा? शेरवडान कोनाक कायएक होना नाय ओ. पन तुमी बघितलास म्हनतास, तर झाला असात." मी चहासुद्धा विचारला नाही. तन्वी दारामागे लपली होती. एरवी तिने धावत जाऊन मिठी मारली असती. उर्वशी गेल्यावर तिने मला विचारले, "आई, आता आपण तिका सांगूया?" मी म्हणाले, भात संपव. सासूबाई चुलीकडून म्हणाल्या, "तक्रार लिवक येता, तर ह्यापन लिवक येतला."

पतींना काल सर्व सांगितले आहे. ते सध्या माझ्याशी बोलत नाहीत.

तरी विनंती की, शेरवडाची तोड त्वरित थांबवावी. उर्वशी पेडणेकर यांना सन्मानाने परत घ्यावे आणि माझी तक्रार खोटी होती असे त्यांना लेखी कळवावे. माटवीची फेरी ठरल्याप्रमाणे व्हावी. त्या फेरीत बिब्याच्या झाडाशी, अर्थात लांब उभे राहून, मला बोलू द्यावे. बिबा काय करतो ते उर्वशी सांगतेच. तो घरात घालणारे हात कोणाचे असतात, ते मी सांगेन. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी, मात्र चौकशीस आल्यास प्रश्न मला विचारावेत, मुलीला नकोत. तिला गप्प राहण्याचे पुष्कळ शिकवून झाले आहे.

आपली चुकलेली,
(सही)
सौ. दिव्या सुदेश केळुसकर

सोबत :
१) डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. त्यातील 'रानातील वनस्पती' हे शब्द माझ्या सांगण्यावरून आहेत.
२) त्या दिवशी वापरलेला बिबा, डबीत बंद. कृपया उघडू नये.
३) शेरवडाचे पांढरे पान, एक. आज सकाळी तन्वीने स्वतः खुडले. हात लावण्यास हरकत नाही.