दादाची नाडी

३ मार्च

दादा घरी आला! छातीत पंप, पोटातून बाहेर काढलेली वायर, कमरेला बॅटऱ्या. दुसरं हृदय मिळेपर्यंत सगळी भिस्त याच्यावर. "मेकॅनिक, आता मोबाइलसोबत मलाही चार्जिंगला लावत जा," म्हणाला. मी असल्याच पंपांवर संशोधन करते, म्हणून मी मेकॅनिक!

आईने आल्या आल्या त्याचं मनगट धरलं. जुनी सवय — ताप असो, परीक्षा असो, आधी नाडी बघणार, मग बोलणार. दादाची लहानपणापासून अडखळत पळायची. "हा उनाड, याची नाडीही उनाड!" आई म्हणायची. आज बोटं इकडेतिकडे सरकवत राहिली. लागेना. चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, पंप रक्त सलग ढकलतो, नळाच्या धारेसारखं. ठोका नसतोच," मी समजावलं.

"जित्याजागत्या माणसाला नाडी नाही?" म्हणाली आणि आत निघून गेली.

११ मार्च

आईचं जेवणावरून मन उडालंय. दादाशी बोलते, पण त्याच्याकडे बघत नाही.

२ एप्रिल

आमच्या प्रयोगशाळेत नेमकं हेच चाललंय — पंपाचा वेग ठरावीक लयीत कमी-जास्त करायचा, म्हणजे मनगटात ठोका उमटतो. लय ठरवणारा प्रोग्रॅम माझा. शरीराला फायदा किती, अजून कोणालाच ठाऊक नाही. भाऊ माझा, म्हणून त्याला चाचणीत घ्यायचं की नाही हे बाकीच्यांनी ठरवलं. घेतला! सही करताना दादा म्हणाला, "आईला एकदा नाडी लागू दे. बाकी माझं मी बघतो."

२० एप्रिल

लागली! आईने डोळे मिटले आणि मनगट सोडलंच नाही. "आई, हात परत दे, नाक खाजवायचंय," दादा कुरकुरला. आज ती पोटभर जेवली. प्रोग्रॅमचं तिला आम्ही सांगितलंच नाही. मी बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले.

९ जून

दात घासता घासता दादा कोसळला. रक्ताची गुठळी मेंदूत गेली. माझ्या ठोक्यामुळे का? डॉक्टरीणबाई म्हणतात, नाही, हा धोका पहिल्यापासून होताच. मला खरं वाटत नाही.

१२ जून

मेंदू पूर्ण गेलाय. "तुम्ही सांगाल तेव्हा पंप थांबवू," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. आई उसळली. "नाडी लागतेय त्याची! हात लावून बघा ना तुम्हीच!"

लागतेय. लागणारच! मीच लिहिलेली आहे ती. करायला गेले एक आणि झालं भलतंच. कोणत्या तोंडाने सांगू तिला?

१४ जून

सांगायचं ठरवून गेले. शेजारी बसून राहिले. परत आले.

१५ जून

मनगट न सोडता आज आईच बोलली. "ही तुझी ना गं? पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. त्याची कधी इतकी शहाण्यासारखी चालली होती का! तू एवढा जीव ओतलास त्यात, म्हणून जेवले." मग पदराने त्याचं कपाळ पुसलं. "थांबव आता. मी हात धरलाय त्याचा."