नऊ ओळी आणि गाढव

७ डिसेंबर, शनिवार
ठरलं. मारुतीशेजारच्या लेखाच्या दगडाचा कागदी ठसा या महिन्यात घेणारच. वर चंद्र-सूर्य, मध्ये हळेकन्नडातल्या, म्हणजे जुन्या कानडीतल्या, नऊ ओळी, खाली गाढव. गाढव म्हणजे शाप: लेखातलं दान जो मोडील त्याला. शेंदराखालून बोटानं चाचपत दोन ओळी लावल्यात. घाणेवाल्या व्यापाऱ्यांनी देवाच्या दिव्याला पळीपळी तेल लावून दिलंय. उरलेल्या सात कोणीच वाचलेल्या नाहीत. माझी पीएचडी त्या सातांवर उभी आहे.
दगडाला तेल-शेंदूर घातला. एकवीस वर्षांचा नेम.

९ डिसेंबर
नांदेड. गाईड आनंदराज सर म्हणाले, विरूपाक्ष, फेब्रुवारीअखेर मुदत संपते. ठसा नाही तर प्रबंध नाही. म्हटलं, सर, शेंदूर फार आहे. म्हणाले, मग काढा. म्हटलं, देवाला खरवडायला हात धजत नाही. म्हणाले, अहो, मग घालणं तरी थांबवा!
सर विद्वान आहेत. खेड्यात राहिलेले नाहीत.

१४ डिसेंबर, शनिवार
तेल न घालता परतलो. दारातच बायको, शिवम्मा, म्हणाली, असं तोंड करून का आलाव, कोण गेलं? पुन्हा जाऊन घातलं. थोडं जास्तच. व्यापाऱ्यांनी दिलेला शब्द कोणीतरी पाळायला हवा.
शेंदराचं कवच कधीकधी आपोआप गळतं म्हणे. वाट पाहणं हीसुद्धा संशोधनपद्धतीच.

२९ डिसेंबर
कागद, ब्रश, शाई घेऊन गेलो. ओला कागद तेलावर टिकेना. तीनदा घसरला, तीनदा गाढवावर जाऊन बसला. देवापुढचा दिवा विझला. वारा नव्हता. नोंद ठेवतो, अर्थ लावत नाही.

१२ जानेवारी
देवळाच्या जीर्णोद्धार समितीपुढे माझं व्याख्यान. अध्यक्ष किशनराव, माझा वर्गमित्र. तासभर बोललो. शेवटी सांगितलं, हा दगड गावाची अब्रू आहे, स्वच्छ करा, दर्शनी जागी बसवा. टाळ्या. किशनराव म्हणाला, सर, बिनघोर ऱ्हावा, दगडाचा आरसा करून टाकतो.
आपल्या माणसांची भाषा किती काव्यमय!
शेंदूर आता समितीच काढणार. पाप त्यांचं, ठसा माझा.

२५ जानेवारी, शनिवार
दगड जागेवर नाही. चौकोनी खड्डा, त्यात मुंग्या. किशनरावला फोन केला. म्हणाला, धुवायला देगलूरला नेलाय, चांगल्या कारागिराकडं हाय. त्याच्यामागे कसलीशी घरघर चालू होती. कोणाचा बोअर पडत असावा. निश्चिंत झालो.
शिवम्मा म्हणाली, धुवायला देगलूरला? हितं पाणी न्हाई व्हय?
नेम चुकू नये म्हणून खड्ड्यात तेल घातलं.

३० जानेवारी
सरांना कळवलं. सर म्हणाले, आहात तसे देगलूरला निघा. आज कॉलेजात सुपरव्हिजन होतं. उद्या अमावास्येनंतरची प्रतिपदा, प्रवासाला बरी नाही. सोमवारी नक्की.

३ फेब्रुवारी, सोमवार
किशनराव फोनवर म्हणाला, आता कशाला येता, काम झालंच की. एकदम बघा. नाहीतर मजा जाईल.
झोप नीट लागत नाही. हवामान बदलतंय.

१५ फेब्रुवारी, शनिवार
दगड बसला. हार, पेढे, बँड. काळाकुळकुळीत. समोर उभा राहिलो तर त्यात मीच दिसलो.
चंद्र-सूर्य आहेत. गाढव आहे. किशनराव म्हणाला, चित्रं तशीच ठेवली, सर. मधला खडबडीत भाग तेवढा मशीननं उतरवून घेतला. घाण लई धरली होती. आन् तुमच्या शब्दाला मान म्हणून नवीन कोरून घेतलं.
मधे समितीची नावं, ठळक अक्षरांत. ओळी मोजल्या. नऊच. नववी: मार्गदर्शक, प्रा. विरूपाक्ष. तिच्या लगेच खाली गाढव.
सरांना फोन करायचा आहे.
शनिवार होता, तेल घातलं. पॉलिशवर ठरेना. माझ्या नावावरून ओघळलं आणि गाढवापाशी थांबलं.